गोष्ट कुठेच जात नाही, पण सोडवत नाही

गेल्या रमजानच्या सुट्टीत बहीण मुलांना घेऊन आली होती. भाची अकरावीत आहे. तरावीहची नमाज झाली की ती मोबाइल घेऊन गच्चीवर जाऊन बसायची. मला वाटले, मैत्रिणींशी गप्पा चालल्या असतील. एके रात्री शेजारी जाऊन बसलो तर ती चित्रकथा वाचत होती. ‘होमस्टक’ नावाची, अमेरिकन, इंग्रजीतली. कशाबद्दल आहे, असे विचारले तर ती अडखळली. तेरा वर्षांचा एक मुलगा, त्याचे मित्र, एक खेळ, मग जगाचा नाश, मग बारा राशींची शिंगवाली बारा मुले... शेवटी तिने हात टेकले. म्हणाली, “मामू, गोष्ट कुठेच जात नाही. पण सोडवत नाही.”

मास्तरकीची एकवीस वर्षे अंगात मुरलेली. तोंडातून लगेच निघाले, “मग कशाला वाचतेस? ज्या गोष्टीला धड सुरुवात-शेवट नाही, ती वाचून काय मिळणार?” ती काही बोलली नाही. मोबाइल बंद करून खाली निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मी जे बोललो, ते वाक्य माझे नव्हते. ते दीडशे वर्षांपूर्वीचे होते आणि ते कोणाचे, हे मला पक्के ठाऊक होते. त्याचीच हकिकत आज सांगायची आहे.

आधी भाचीच्या त्या चित्रकथेविषयी. अँड्र्यू हसी नावाच्या चित्रकाराने ती १३ एप्रिल २००९ रोजी इंटरनेटवर सुरू केली आणि बरोबर सात वर्षांनी, १३ एप्रिल २०१६ रोजी संपवली. पाने झाली आठ हजारांहून अधिक. सुरुवातीला पुढे काय घडावे हे वाचकच सुचवत. नायकाने आता काय करावे, कुठे जावे, याच्या सूचना वाचक पाठवत आणि हसी त्यातली एखादी निवडून पुढचे पान काढत. पुढे सूचनांचा एवढा पूर आला की ही पद्धत सोडावी लागली. पण तोवर वाचकांना कळले होते, की ही गोष्ट आपलीही आहे. कोणी तिच्यासाठी संगीत रचले, कोणी चित्रे काढली. एका पात्राच्या एका वाक्याचा अर्थ काय, यावर रात्र-रात्र वाद झाले. २०१२ मध्ये हिच्यावर खेळ बनवायचा म्हणून वर्गणी मागितली, तर चाहत्यांनी चोवीस लाखांहून अधिक डॉलर जमवून दिले.

आता उर्दू शिकवणाऱ्याला हे ऐकून काय आठवावे? दास्तान.

दास्तान म्हणजे नुसती लांब गोष्ट नव्हे. तिला चार खांब असतात: रज्म म्हणजे लढाई, बज्म म्हणजे मैफल, तिलिस्म म्हणजे जादूची मायानगरी, आणि अय्यारी म्हणजे वेषांतर, चकवा, चलाखी. या चार खांबांवर दास्तानगो म्हणजे कथेकरी हवा तेवढा मांडव घालायचा. कथानक म्हणाल तर अगदी सैल. अमीर हमजा एका संकटातून सुटतात, दुसऱ्यात सापडतात. त्यांचा सोबती अमर अय्यार आपल्या झंबीलमधून, म्हणजे झोळीतून, काय काढेल याचा नेम नाही. त्या झोळीत अख्खी दुनिया मावते. ऐकणाऱ्याला शेवटाची घाई नसायची. उलट शेवट लांबवणे हीच कला. लखनौच्या दास्तानगोंविषयी सांगतात, की प्रियकर प्रेयसीच्या दाराच्या पडद्यापाशी पोचला आहे, आता पडदा उचलायचा, एवढ्यावर गोष्ट थांबवून ते कित्येक दिवस नुसते वर्णन करत आणि लोक रोज येऊन बसत. याला ‘दास्तान रोकना’ म्हणत.

ही दास्तान चित्रांतूनही सांगितली गेली. बादशहा अकबर विशीत होता, तेव्हा त्याने ‘हमजानामा’ चितारायला घेतला. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणातून आलेल्या उस्तादांच्या देखरेखीखाली हे काम सुमारे पंधरा वर्षे चालले आणि सुमारे १४०० चित्रे तयार झाली. चित्रे कापडावर, दोन फुटांहून उंच. मागच्या बाजूला मजकूर. जाणकारांचा तर्क असा, की एक जण चित्र उंच धरायचा आणि दुसरा मागचा मजकूर वाचायचा. समोरच्यांना चित्र दिसायचे, गोष्ट ऐकू यायची. आमच्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ज्याने ठाकर मंडळींचा चित्रकथीचा खेळ पाहिला असेल, त्याला हे समजवायला नको. तिथेही एकामागून एक चित्र समोर येते आणि कथेकरी गातो. तिथे रामायण-महाभारत, इथे हमजा. रीत एकच.

त्या १४०० चित्रांतली आज दोनशेदेखील उरलेली नाहीत. साठ व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत, काही लंडनला. लंडनची काही चित्रे एका इंग्रज अधिकाऱ्याला १८८१ मध्ये श्रीनगरात मिळाली. त्यांतली काही चक्क खिडक्यांना लावलेली होती, थंडीचा वारा अडवायला. अकबराच्या चित्रशाळेतली कला, आणि आपण तिची खिडकीची फडकी केली! हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. मला दरवेळी हसू येतेच असे नाही.

कागद आणि छापखाना आल्यावर दास्तान मेली नाही, उलट फोफावली. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये लखनौत छापखाना काढला. या हिंदू मालकाच्या छापखान्यातून कुरआन छापले गेले, हदीस छापली गेली आणि दास्तानेही. १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ छापून येऊ लागली. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन ‘जाह’ यांचे, पुढचे अहमद हुसेन ‘कमर’ यांचे. गंमत अशी, की मूळ फारसी हमजाकथेत हे तिलिस्म नाहीच. ते लखनौच्या कथेकऱ्यांनी रचले. आज ज्याला चाहत्यांनी वाढवलेली गोष्ट म्हणतात, तीच ही. हमजाची सगळी दास्तान छापून झाली तेव्हा ४६ जाडजूड खंड भरले. मिर्झा गालिबसारखा माणूस अमीर हमजाचे ग्रंथ हाती आल्याचा आनंद मित्राला पत्राने कळवतो, आणि त्याच पत्रात सोबतीच्या दारूच्या बाटल्यांचाही हिशेब देतो. त्यातले पहिले तेवढे घ्यावे!

पण मला खरे सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका पुस्तकाबद्दल. पंडित रतननाथ धर ‘सरशार’ हे लखनौचे काश्मिरी ब्राह्मण. आधी खीरीच्या शाळेत मास्तर होते, म्हणजे आमच्याच बिरादरीचे. १८७८ मध्ये नवल किशोर यांनी त्यांना ‘अवध अखबार’चे संपादक केले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी अंकात लखनौच्या जीवनाची खुसखुशीत शब्दचित्रे लिहायला घेतली. बाजार, मेळे, मुशायरे, अफूबाज, नवाब. आझाद नावाचा एक तरुण त्यातून भटकतो, एवढाच धागा. कादंबरी लिहायची असे काही ठरले नव्हते. वाचकांना गोडी लागली आणि लिखाण वाढत गेले. मग हुस्नआरा आली. तिने लग्नासाठी आझादला अट घातली: तुर्कस्तानात जा, रशियाविरुद्ध लढ, नाव कमावून परत ये. ते युद्ध तेव्हा नुकतेच संपलेले, त्याच्या बातम्या लोकांच्या डोक्यात ताज्या. आझादबरोबर खोजी निघाला. बुटका, अफूबाज, शेखी मिरवणारा आणि जागोजागी मार खाणारा. मार खाल्ला की आपली करौली, म्हणजे सुरी, मागायचा. ती कधी हाती आली नाही. गोष्ट आझादची, पण लोकांनी डोक्यावर घेतला तो खोजी.

वाचक संपादकाला पत्रे लिहीत आणि ती छापली जात. कोणी कौतुक करी, कोणी आझादच्या वागण्यावर बोट ठेवी. दुसरीकडे ‘अवध पंच’ हे विनोदी पत्र सरशारवर तुटून पडे. याची भाषा खरी लखनवी नाही, याला बेगमांची बोली काय माहीत, असा त्यांचा सूर. सरशार स्वतः आधी याच पत्रात लिहीत असत! सांगायचा मुद्दा, एका गोष्टीपायी अख्खे शहर भांडत होते, आणि भांडत होते ते उर्दूत. हिंदू लेखकाने, हिंदू मालकाच्या पत्रात, तुर्कांसाठी लढणारा मुसलमान नायक उभा केला आणि दोन्ही समाजांच्या वाचकांनी तो आपला मानला. १८८० मध्ये ‘फसाना-ए-आझाद’ पुस्तकरूपाने आले, तीन हजारांच्या आसपास पाने. पुढे प्रेमचंदांनी ते आटोपशीर करून हिंदीत नेले. कथानक सैल आहे, हा दोष टीकाकार आजही दाखवतात आणि तो खराच आहे. पण त्या सैलपणातच लखनौ मावले. घट्ट विणलेल्या टोपलीत पाणी राहत असेल, पण मासे पकडायला जाळेच लागते.

आता त्या वाक्याकडे येतो, जे मी गच्चीवर बोललो.

१८५७ नंतर आपला समाज हादरलेला होता. सत्ता गेली, दिल्ली उजाडली. आपले काय चुकले, याचा शोध सुरू झाला. त्या शोधातून शाळा निघाल्या, मुलींच्या शिक्षणाची गोष्ट निघाली. हे उपकार मी कधीच नाकारणार नाही, माझी रोजीरोटीच त्यावर आहे. पण त्याच शोधात दास्तानेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. डिप्टी नजीर अहमद हे थोर लेखक, शाळांचे निरीक्षक राहिलेले. १८७४ च्या त्यांच्या ‘तौबतुन्नसूह’ या कादंबरीत नसूह नावाचा बाप कॉलऱ्यातून बरा होतो, तौबा करतो आणि घर सुधारायला घेतो. थोरला मुलगा कलीम शायर आहे, ऐकत नाही, घर सोडून जातो. तेव्हा बाप त्याची पुस्तके बाहेर काढून जाळतो. गोष्टींची पुस्तके, शायरीची पुस्तके. त्यातून काय मिळणार, म्हणून.

ही कादंबरी मी बीएडच्या आधी वाचली, पुढे शिकवलीही. दरवेळी मुलांना विचारत आलो, की नसूह बरोबर की चूक? आणि स्वतः मात्र तेच करत आलो. काही वर्षांपूर्वी आठवीच्या एका मुलाची वही मी जप्त केली होती. व्याकरणाच्या तासाला तो मागच्या बाकावर चित्रकथा काढत होता. उर्दूत संवाद होते, मधूनच मराठी शिव्या. शेजारचे तिघे पुढे काय होणार म्हणून वाट बघत होते. मी वही कपाटात टाकली. वर्षअखेरीस कपाट साफ झाले, वही रद्दीत गेली. जाळली नाही, एवढेच.

आज आम्ही शिक्षक खोलीत बसून रडतो, की उर्दू माध्यमाची मुले धड्यापलीकडे उर्दू वाचत नाहीत. मराठी तर परीक्षेपुरतीच. दोष कधी सरकारला देतो, कधी मोबाइलला. त्यात तथ्य आहेच. पण मुलांनी ज्या भाषेत हसायचे, भांडायचे, पुढे काय होणार म्हणून तळमळायचे, त्या भाषेतून आपण गोष्टीच काढून घेतल्या आणि फक्त बोध ठेवला, हेही मान्य करायला हवे. नसूहच्या शेकोटीची राख आपल्याही हाताला लागलेली आहे.

दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले. जुन्या परंपरेतले ते शेवटचे नामांकित दास्तानगो. मग जवळपास पाऊण शतक शांतता. ४६ खंड कोणाच्याही घरी पूर्ण नव्हते. ते एकेक करून जमवले शम्सुर्रहमान फारुकी यांनी, त्यावर ग्रंथ लिहिले. त्यांच्याच प्रेरणेने २००५ पासून दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आली. एका माणसाने शोध घेतला म्हणून वाचले. भाचीने सांगितले, तिच्या चित्रकथेचेही असेच झाले. ज्या फ्लॅश तंत्रावर तिचा बराच भाग चालायचा, ते २०२० च्या अखेरीस बंद पडले. तेव्हा चाहत्यांनीच खपून ती कथा जपून ठेवली. कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे दिले नव्हते. आपण हमजाची चित्रे खिडकीला लावली. या पोरांनी आपली खिडकीतून उडू दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सेहरीच्या वेळी मी तिला म्हटले, “चल, तुझ्या त्या बारा राशींच्या मुलांचे सांग.” तिने संशयाने पाहिले. मग सांगू लागली, दुखान वाटेल ते हिंदी-मराठी-उर्दू मिसळून. फजरची अजान झाली तरी गोष्ट कुठेच पोचली नव्हती. मी तिला अमर अय्यारच्या झंबीलबद्दल सांगितले. ती म्हणाली, “असेच एक पात्र आमच्याकडे पण आहे,” आणि आमचा वाद सुरू झाला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी नववीच्या वर्गात एक कोरी वही ठेवली. व्याकरणाची नाही. पहिल्या पानावर एक ओळ लिहिली, की अमर अय्यार आमच्या गावच्या एसटी स्टँडवर उतरला. पुढचे ज्याला सुचेल त्याने लिहायचे, काढायचे. उर्दूत किंवा मराठीत. सध्या सत्तावीस पाने झाली आहेत. अय्यार अजून स्टँडवरच आहे, वडापाववाल्याशी भांडतो आहे. गोष्ट कुठेच जात नाही. पण मधल्या सुट्टीत त्या वहीसाठी जी ओढाताण होते, तशी ओढाताण एकवीस वर्षांत मी कोणत्याही पाठ्यपुस्तकासाठी पाहिलेली नाही.