क्युरेटिंग ते काडीएवढी नळी

‘पाळी जाऊन चार वर्षं झाली, आणि आता पुन्हा अंगावरून जातंय.’ एखादी बाई असं सांगते तेव्हा डॉक्टरांपुढे प्रश्न असतो, गर्भपिशवीच्या अस्तरात काय चाललंय? तपासायला तिथल्या पेशी बाहेर आणाव्या लागतात. त्या आणण्याचा इतिहास सुमारे १८० वर्षांचा आहे.

१८४३ साली पॅरिसच्या जोसेफ रेकामिए यांनी लांब दांड्याचा, चमच्यासारखा ‘क्युरेट’ वापरात आणला. ईथरची भूल जगापुढे आली ती त्यानंतर तीन वर्षांनी! पुढे भूल देऊन, पिशवीचं तोंड रुंद करून अस्तर खरवडणं सर्वत्र रूढ झालं. आपल्या घराघरांत त्याला ‘क्युरेटिंग’ म्हणतात.

मात्र प्रत्येक वेळी ऑपरेशन थिएटर कशाला? अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी १९२५ मध्ये तपासणीच्या खोलीतच, भूल न देता नमुना घेण्याचा पुरस्कार केला. १९३५ मध्ये तिथल्याच एमिल नोवाक यांनी ओढून घेणारा पोकळ क्युरेट आणला.

१९४१ साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज पापानिकोलाऊ आणि हर्बर्ट ट्राउट यांनी योनीतल्या स्रावावरून कर्करोग ओळखता येतो हे मांडलं. संशोधनासाठी पापानिकोलाऊंच्या पत्नी स्वतःचे नमुने देत. ही ‘पॅप’ तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी वरदान ठरली. पण आतल्या अस्तराच्या पेशी त्यात सापडतीलच असं नाही. म्हणून ‘पॅप चांगली आली, आता काळजी नाही’ हे समाधान रक्तस्राव होणाऱ्या बाईसाठी खोटं ठरू शकतं.

क्युरेटिंग तरी पूर्ण भरवशाचं होतं का? १९७५ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी गर्भपिशवी काढण्याआधी क्युरेटिंग केलं आणि नंतर ती उघडून पाहिली. ६० टक्के बायकांत निम्म्याहून कमी अस्तर खरवडलं गेलं होतं. शेवटी तो हात आंधळाच!

१९८४ साली पॅरिसच्याच एतिएन कोर्निए यांनी ‘पिपेल’ आणली. सुमारे तीन मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी, आत दट्ट्या. दट्ट्या मागे ओढला की अस्तराचे कण आत येतात. पोटात कळ येते, पण काम काही मिनिटांत होतं आणि बहुधा भूल लागत नाही. पसरलेला कर्करोग ती सहसा पकडते. कोपऱ्यातली गाठ मात्र निसटू शकते. म्हणून अहवाल चांगला येऊनही रक्त जातच राहिलं, तर दुर्बिणीतून पाहावं लागतं.

साधनं सोपी झाली. आता संकोच तेवढा सोडायचा आहे. पाळी गेल्यावर दिसलेला एक डागही डॉक्टरांना सांगावा.