वीस वर्षांचे बंधन
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील पदवीधरापुढे सरकारी नोकरी आणि वकिली हे दोन राजमार्ग होते, आणि पोटाला चिमटा घेऊन त्याला शिकविणारे घरही याच दोहोंपैकी एकाकडे डोळे लावून बसलेले असे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ मध्ये सरकारी नोकरी सोडली व १८८० च्या आरंभी बाळ गंगाधर टिळकांसह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा तिसरी वाट दिसू लागली. एम. ए. होऊन पुढील वर्षी तेथे रुजू झालेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी तर, आपण मोठ्या पगाराच्या मागे लागणार नाही, असे आईला पत्राने आधीच कळविले होते.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाल्यावर या त्यागाला नियमाचे रूप आले. आजीव सभासद, म्हणजे संस्थेचा कारभार स्वतःच चालविणारा आणि दरमहा सुमारे ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकविण्याची प्रतिज्ञा करणारा अध्यापक. अशा बोलावण्याला होकार देणे सर्वांना आगरकरांइतके सोपे नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या शिक्षणासाठी ज्येष्ठ बंधू गोविंदराव आपल्या पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये पाठवीत असत. त्यामुळे धाकट्याने अल्पवेतन पत्करणे म्हणजे थोरल्याच्या ऋणाची फेड लांबणीवर टाकणे होते, आणि गोखल्यांनी वकिलीचा विचार सोडून १८८६ मध्ये आजीव सभासदत्व घेतले ते या ओढाताणीतूनच.

संस्था मात्र मोडण्याच्या बेतात आली ती केवळ पगाराच्या प्रश्नावरून नव्हे. प्रवेश करताना प्रत्येकाने ‘एवढ्यात भागेल काय’ हे स्वतःला विचारले असेल, पण उरलेल्या वेळेवर व बाहेरच्या मिळकतीवर हक्क कोणाचा, हे पुरेसे ठरलेच नव्हते. सभासदाने सर्व शक्ती संस्थेलाच वाहावी हा टिळकांचा आग्रह इतरांना मान्य होईना, आणि गोखल्यांनी सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेचे चिटणीसपद घेतल्याने वाद विकोपाला जाऊन टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. तत्त्वाच्या दृष्टीने टिळकांची बाजू अधिक सुसंगत होती, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही. व्यवहारात ती कितपत टिकली असती, हा प्रश्न वेगळा.

रिकामी झालेली गणिताची जागा गोखल्यांनी आपले एल्फिन्स्टन कॉलेजातील सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांना देऊ केली. मुंबईत शाळा व शिकवण्यांवर चरितार्थ चालविणाऱ्या कर्व्यांना पैशापेक्षा स्वतःच्या योग्यतेचीच शंका अधिक होती. टिळकांच्या जागी उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि स्वभावही भिडस्त. तरीही ते १८९१ च्या अखेरीस पुण्यास आले, पुढील वर्षी आजीव सभासद झाले आणि १९१४ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. हिंगण्याच्या आपल्या विधवाश्रमाच्या कार्याचा भार वाढत असतानाही त्यांनी वर्ग सोडला नाही.

पुढे गोखल्यांनी १९०५ मध्ये अशाच आजीव सेवेच्या प्रतिज्ञेवर भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा मात्र नव्या सदस्यासाठी त्यांनी प्रथम पाच वर्षांचा उमेदवारीचा काळ ठेवला.