जुना संगणक, बुद्धिबळ आणि ‘हॅश’चा आकडा

विदर्भात बुद्धिबळावर बोलायचं तर नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव आधी घ्यावं लागतं. जुलै २०२५ मध्ये तिनं बातुमीला महिला विश्वचषक जिंकला. तिचं पाहून इथलं एखादं मूल घरातला जुना संगणक लावतं, त्यावर बुद्धिबळाचं इंजिन टाकतं, सेटिंगमध्ये ‘हॅश’चा आकडा १०२४ करतं, आणि प्रोग्राम धाडकन बंद पडतो. घरचे म्हणतात, डबा झालाय, नवा घ्या. मला आज एवढंच सांगायचंय, की दोष बहुतेक वेळा डब्याचा नसतो, आकड्याचा असतो.

आता ही हॅश भानगड आली कुठून? आधी घोडा काढा, मग उंट. किंवा आधी उंट, मग घोडा. पट शेवटी तोच दिसतो. मग तोच हिशेब यंत्रानं दोनदा का करावा? म्हणून एकदा केलेला हिशेब तक्त्यात लिहून ठेवायचा. अमेरिकेत एमआयटीमध्ये रिचर्ड ग्रीनब्लाट यांनी १९६७ च्या सुमारास ‘मॅक हॅक’ या कार्यक्रमात असा तक्ता वापरला. १९७० मध्ये अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी प्रत्येक पटस्थितीला चटकन क्रमांक देण्याची रीत मांडली. तीच आजही चालते. म्हणजे बघा, ही युक्ती जन्मली तीच टंचाईत.

मग बंद का पडतं? आपल्या गोंदियाचंच उदाहरण घ्या. जबलपूरकडची सातपुड्याची गाडी अडीच फुटी रुळांवर धावायची; मुंबई-हावडा मार्ग रुंद. इंजिन कितीही दमदार असो, रुंद मार्गावरचा डबा अरुंद रुळांवर चढतच नसे. ३२ बिटचं विंडोज असंच आहे. त्याला एकूण ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मोजता येतात, आणि त्यातले साधारण २ जीबीच एका प्रोग्रामच्या वाट्याला येतात. शिवाय हॅशला जागा सलग लागते. धानाच्या कोठारात मधे मधे पोती पडलेली असली, तर एकूण जागा मोकळी असूनही मोठी थप्पी लागत नाही, तसंच.

तेव्हा करायचं काय? आकडा ६४ वर आणा. चाललं तर १२८. मशीनमध्ये २ जीबी मेमरी असेल तर २५६ च्या पुढं जाऊ नका. दोन इंजिनं एकदम लावली तर प्रत्येक आपली हॅश वेगळी घेतं, हे विसरू नका. प्रोग्राम उघडतानाच पडत असेल, तर सेटिंग मूळ पदावर आणा. आकडा कमी करूनही पडलं, तर इंजिनाची आवृत्ती तपासा. नव्या प्रोसेसरसाठी बांधलेली आवृत्ती जुन्यावर चालत नाही, तिथं जुन्या प्रोसेसरसाठीची उतरवून घ्या.

आणि हॅश कमी केली म्हणून खेळ बिघडत नाही. आजचं नावाजलेलं स्टॉकफिश स्वतःहून फक्त १६ एमबी घेतं. लहान तक्ता भरला की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. तासन् तास चालणाऱ्या विश्लेषणात फरक पडेल, शिकणाऱ्या पोराला जाणवणारही नाही.

म्हणून मंडळी, नव्या संगणकासाठी पैसे काढण्याआधी तो एक आकडा बदलून बघा. पोराचा डाव थांबायला नको.