सोळाव्या वर्षाची पायरी

दहावीचा निकाल लागला कीं आमच्या जळगांव-धुळ्याकडे घरोघर एक प्रश्न निघतो: मुलाच्या हातीं गाडी केव्हां द्यावयाची, आणि कोणती द्यावयाची? प्रश्न निघाला कीं कोणी तरी वडीलधारें माणूस हमखास सांगतें, "सोळा पुरीं झालीं ना? मग बिनगिअरची गाडी कायद्यानें चालते." हें वाक्य अर्धें खरें आहे, आणि अर्धें खरें वाक्य सबंध खोट्यापेक्षां पुष्कळदां अधिक घातक ठरतें. तें अर्धें कसें झालें, याचा इतिहास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

आपल्याकडे मोटारवाहनांचा कायदा तसा जुना. मुंबई इलाख्यानें तो १९०४ सालीं केला आणि सबंध हिंदुस्थानासाठीं तो १९१४ सालीं झाला. त्या वेळीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होऊन आठ वर्षें लोटलीं होतीं. पूर्वेचें मुख्य ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. पुढें १९३९ सालच्या मोटारवाहन कायद्यानें मोटार हांकणाऱ्याच्या वयाची मर्यादा अठरा वर्षें म्हणून नोंदली. परंतु खरें सांगावयाचें तर त्या काळीं ही मर्यादा पाळावयास पोलिसाची गरजच नव्हती. मोटारसायकल परदेशांतून यावयाची, आणि तिची किंमत देणारा गृहस्थ गांवांत एखादाच असावयाचा.

स्वातंत्र्यानंतर गाड्या देशांत होऊं लागल्या. मद्रासेस १९५५ सालीं एनफिल्डची भारतीय कंपनी निघाली. १९६० च्या सुमारास पुण्याच्या बजाजनें स्कूटर बनविण्यास आरंभ केला, आणि त्याच सुमारास म्हैसुरास जावा मोटारसायकल तयार होऊं लागली. तरीहि उत्पादन मोजकें होतें. स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. बापाचीच पाळी जेथें उशिरां येई, तेथें मुलाच्या पाळीची गोष्ट कशाला? टंचाईनें कायद्याचें काम परस्पर केलें होतें.

ही स्थिति १९७२ सालीं पालटली. पुण्याच्या कायनेटिक कंपनीनें लूना बाजारांत आणली. तिचें इंजिन ५० सीसीचें, गिअर नाहींत, आणि सायकलीसारखीं पायडलें. मास्तर, कारकून, कॉलेजांतलीं मुलें-मुली अशा सर्वांना परवडणारी ही गाडी सायकलीच्या पुढची आणि मोटारसायकलीच्या अलीकडची होती. तिच्या पाठोपाठ टी.व्ही.एस. ५० आणि इतर मोपेड आल्या.

आजचा कायदा १९८८ सालचा. तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. तो लिहिला गेला तेव्हां अशा लहान गाड्या रस्त्यारस्त्यावर होत्या. त्याच्या चौथ्या कलमानें सामान्य मर्यादा अठराच ठेवली, परंतु एक सवलत दिली, ती आज अशी आहे: ज्या मोटारसायकलीचें इंजिन ५० सीसीहून अधिक नाहीं, ती सोळा वर्षें पुरीं झालेल्यास चालवितां येईल. सातव्या कलमानें आणखी एक अट घातली: अशा अल्पवयी मुलास बिनगिअरच्या गाडीचें शिकाऊ लायसन्स हवें असेल, तर पालकाची लेखी संमति पाहिजे. कायद्यानें मुलासाठीं एक लहानशी पायरी बांधली होती, आणि त्या पायरीवर उभी राहील अशी गाडी तेव्हां बाजारांत मिळत होती.

पुढें गाडी वाढली. पायरी तेवढीच राहिली. १९८५ सालीं हिरो होंडाची १०० सीसीची मोटारसायकल आली. नंतरच्या बिनगिअरच्या स्कूटरीहि ५० च्या वर गेल्या. २००१ सालीं आलेली ॲक्टिव्हा पहिल्यापासूनच १०० सीसीच्या वरची आहे. आज मोपेड म्हणून विकली जाणारी गाडीहि सुमारें १०० सीसीची असते. कायद्यांत "बिनगिअर" हा लायसन्साचा वर्ग आहे आणि "५० सीसी" ही वयाची अट आहे. लूना होती तोंवर दोन्ही गोष्टी एकाच गाडींत एकत्र नांदत होत्या. लूना गेली, आणि लोकांच्या मनांत फक्त "बिनगिअर" एवढेंच उरलें. सोळा वर्षांच्या मुलानें आज घरची स्कूटर रस्त्यावर आणली, तर शिकाऊ लायसन्स खिशांत असूनहि तें त्या गाडीपुरतें निरुपयोगी आहे.

२०२४ सालीं लूना हें नांव विजेच्या गाडीवर पुन्हां आलें खरें. पण तिचा वेग ताशीं ५० किलोमीटरपर्यंत जातो. विजेच्या गाड्यांत मोटारवाहनांतून वगळली जाते ती २५० वॉटपर्यंत शक्तीची आणि ताशीं २५ किलोमीटरहून अधिक न धांवणारी. नांव तेंच, हिशेब निराळा.

या गैरसमजाची किंमत केवढी? १ सप्टेंबर २०१९ पासून अल्पवयी मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकास अगर मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊं शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाहीं. पण दंडापेक्षां मोठी चिंता रस्त्याची. जळगांवहून गिरणेच्या पुलावरून बांभोरीस विद्यापीठाकडे जाणारा मुलगा सुरत-नागपूर हमरस्त्यावर मालमोटारींच्या सोबतीनें जातो. धुळ्यास तर आग्रा-मुंबई आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हमरस्ते एकमेकांस मिळतात.

इंग्लंडांत ही पायरी गाडीबरोबर पुढें सरकविली गेली. १९७१ च्या अखेरीस तेथें सोळा वर्षांच्या स्वारास ५० सीसीची मर्यादा घातली, आणि १९८३ पासून शिकाऊ स्वारास १२५ सीसीहून मोठी गाडी बंद केली. आपल्याकडे अठरा पुरीं होऊन गिअरच्या गाडीचें लायसन्स मिळालें कीं १०० सीसी आणि ३५० सीसी कायद्याला सारख्याच. म्हणून ती मधली पायरी घरानेंच बांधली पाहिजे.

ती अशी: अठरा पुरीं होईपर्यंत सायकल आणि एस.टी. नंतर शिकाऊ लायसन्स. तें सहा महिने चालतें, आणि तें मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्याखेरीज पक्क्या लायसन्साची परीक्षा देतां येत नाहीं. त्या काळांत गाडीच्या पुढें-मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें "एल" हें अक्षर हवें, आणि शिकविणाऱ्याखेरीज मागें कोणीहि बसतां कामा नये. मित्रहि नाहीं, धाकटी बहीणहि नाहीं. पहिली गाडी १०० ते १२५ सीसीची असावी. शंभर सीसीच्या साध्या मोटारसायकलीचें वजन ११० किलोंच्या आसपास असतें. ३५० सीसीच्या बुलेटसारख्या गाडीचें १९० किलोंच्या घरांत. गाडी थांबवून दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात कीं नाहीं, आणि कलती गाडी मुलाला सांवरतां येते कीं नाहीं, हें दुकानांतच पाहावें. जुनी गाडी घेणाऱ्यानें ती एप्रिल २०१९ नंतरची पाहावी. त्या महिन्यापासून नव्या दुचाकींत १२५ सीसीपर्यंत दोन्ही चाकांस एकदम लागणारा ब्रेक अगर चाक अडकूं न देणारा ए.बी.एस. ब्रेक, आणि त्यावर ए.बी.एस.च, सक्तीचा झाला. हेल्मेट मात्र गाडीच्याच दिवशीं, त्याच्या डोक्याच्या मापाचें घ्यावें.

मुलगा रुसेल. शेजाऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवील. शेजाऱ्यानें चूक केली म्हणून आपण करावी, असा न्याय कोठेंच नाहीं. दोन वर्षें थांबलेल्या मुलास पुढें आयुष्यभर गाडी चालवावयाची आहे, हें त्यास समजावून सांगावें, एवढीच पालकांस विनंति करून मी आपली रजा घेतों.