नोंदी कशा वाचतात?

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. माणसे गेली, संसार वाहून गेले. त्यांच्याबरोबर ट्रंकांतले कागदही गेले. ज्या दाखल्याची वा खरेदीखताची दुसरी प्रत पाण्यापासून दूर कोठेतरी होती, तो पुन्हा मिळण्याची आशा तरी होती. आज अशा नोंदी संगणकात असतात. तेव्हा त्या कशा वाचतात, याचा इतिहास पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

संगणकाची पहिली डिस्क-यंत्रणा आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली. तिच्या पन्नास तबकड्यांवर सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. फिरते यंत्र आज ना उद्या बिघडणारच. बिघडलेल्या डिस्कवरचा मजकूर पुन्हा उभा करण्याच्या एका पद्धतीचे पेटंट १९७८ मध्ये त्याच कंपनीच्या नॉर्मन ओउची यांना मिळाले.

पुढे १९८८ साल आले. त्या वर्षी पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्याच १९८८ साली, पण दूर अमेरिकेत, बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी 'रेड' या योजनेवरील निबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा संच वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र डिस्क जितक्या अधिक तितके बिघाडही अधिक, म्हणून संचात काही जादा नोंद ठेवावी.

ही जादा नोंद म्हणजे काय? समजा, तीन डिस्कवर ४, ७ व २ हे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज १३. सातची डिस्क बिघडली, तर १३ मधून ४ व २ वजा करताच ७ परत मिळतात. यंत्रात बेरजेऐवजी सम-विषम पाहतात, एवढाच फरक. या रीतीला 'रेड ५' म्हणतात. तीत ही नोंद एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर वाटलेली असते. 'रेड १' मध्ये सरळ दोन सारख्या प्रती असतात. 'रेड ०' मध्ये मजकूर नुसता वाटलेला असतो. वेग मिळतो, पण एक डिस्क गेली की सारेच गेले. अशा व्यवस्थेला या नावाने का ओळखावे, हे कोडेच आहे!

'रेड ५' मध्ये डिस्क बदलल्यावर तिच्यावरचा मजकूर पुन्हा भरण्यासाठी उरलेल्या सर्व डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात. आजच्या मोठ्या डिस्कना त्यासाठी कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागतात. तेवढ्यात दुसरी बिघडली तर हिशेब जुळत नाही. यासाठी 'रेड ६' मध्ये दोन वेगळे हिशेब ठेवतात व दोन डिस्क गेल्या तरी निभावते.

परंतु कारकुनाने चुकून एका वर्गाचे गुण पुसले, तर ते दोन्ही प्रतींतून त्याच क्षणी पुसले जातात. शिवाय सारा संच एकाच कपाटात असतो. १९६१ सारखे पाणी आले तर सगळ्या डिस्क एकदमच भिजणार. म्हणून जाणती कार्यालये आणखी एक प्रत दुसऱ्या गावी ठेवतात, आणि ती वाचता येते की नाही हे अधूनमधून उघडून पाहतात.