तिसऱ्याचं नाव

आम्ही तीन भाऊ. निवृत्ती, ज्ञानदेव आणि मी, सोपान. चौथ्या खेपेला बहीण झाली तेव्हा बारशाला फुईने, म्हणजे आत्याने, तिच्या कानात काय सांगितलं, हे बाहेर ओसरीवर विडी ओढत बसलेल्या पुरुषांनाही आधीच ठाऊक होतं. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात अशी घरं आणखी होती. वारकरी घर असलं, देवाने मुलं क्रमाने दिली, की नावं शोधावी लागत नसत. आळंदीच्या त्या चौघा संत भावंडांचे परंपरेने सांगितलेले जन्म बघा: १२७३, १२७५, १२७७, १२७९. दोन-दोन वर्षांचं अंतर. आमच्या मायची बाळंतपणंही जवळजवळ त्याच हिशोबाने झाली.

सोपान म्हणजे पायरी, जिना, हे मला अध्यापक विद्यालयात गेल्यावर कळलं. तोवर गावाने केलेला अर्थच मला माहीत होता. पाढे चुकले की मास्तर म्हणायचे, ‘नाव सोपा, अन् डोकं अवघड.’ पुढे मी स्वतः मास्तर झालो. छत्तीस वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या शाळांमध्ये हजेरी घेतली, पण तो विनोद कोणत्याही सोपानवर केला नाही. करायचा म्हटला तरी सोपान भेटले ते बोटांवर मोजण्याइतके.

जुनी जनरल रजिस्टरं चाळायची मला खोड आहे. बदलीच्या गावी गेलो की पहिल्या आठवड्यात कपाटातलं सर्वांत खालचं रजिस्टर काढायचो. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण नावं शाबूत. दगडू, धोंडू, भिका, फकिरा, धुडकू, झिपरू, नथू, उखा. आजच्या मुलांना ही नावं वाचून दाखवली तर वर्ग हसतो. माझी आजीमाय हसली नसती. तिची पहिली दोन पोरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याचं, म्हणजे माझ्या बापाचं, नाव तिने भिका ठेवलं आणि पाच घरी झोळी फिरवून आणलेल्या धान्याची पेज त्याला चाटवली. आपलं नाहीच, मागून आणलेलं आहे, असं दाखवायचं. कोणी पोराला सुपात घालून उकिरड्यावर ठेवून परत आणायचं. ‘उखा’ म्हणजे तोच उकिरडा, असं आजीमाय सांगायची. कोणी नाक टोचून त्यात नथ घालायचं, म्हणजे येणाऱ्याला वाटावं ही तर पोरगी आहे. तो नथू. येणारा कोण, त्याचं नाव घ्यायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांमागे दोनशेहून जास्त मुलं वर्षाची व्हायच्या आत जात होती. त्या काळात सुंदर नाव ठेवणं हे धाडसच होतं. आणि त्या ओबडधोबड नावांनी कोणाचं काही अडलं नाही. नशिराबादच्या झिपरूअण्णा महाराजांच्या समाधीवर आजही लोक डोकं टेकतात. नाव ओबडधोबड, पण कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

आता जळगावच्या एका घराकडे बघा, कारण त्या घरात नावांची कूस कशी बदलली हे एकाच ओळीत दिसतं. बहिणाबाई १८८० साली आसोद्याला महाजनांच्या घरी जन्मल्या. वडिलांचं नाव उखाजी. भाऊ घमा, गना आणि घना. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. नवऱ्याचं नाव नथूजी. बाप उखा, नवरा नथू, दोन्ही नावं त्या जुन्या रजिस्टरातली. आणि मुलगे? ओंकार आणि सोपानदेव. इथे उकिरडा नाही, नथ नाही. एकाचं नाव सगळ्या मंत्रांच्या आधी येणारं आणि दुसऱ्याचं ज्ञानेश्वरांच्या भावाचं. हे काही येणारा दमला म्हणून झालं नाही. तो त्याच घरात प्लेगच्या रूपाने आलाच, ओंकारला कायमचं अधू करून गेला. तरी नाव लपवायचं नाही असं त्या घरात ठरलं असावं. शाळेच्या रजिस्टरात ते ‘सोपानदेव नथूजी चौधरी’ असं लागलं असणार. मला हे पूर्ण नाव फार आवडतं. पहिला शब्द वारीतला, दुसरा भीतीतला.

संत सोपानदेव आमच्या भागात तसे परके नाहीत. त्यांची धाकटी बहीण आमची. मुक्ताबाई १२९७ साली तापीकाठी मेहूणला विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते त्यांच्यामुळे. त्यांची पालखी दरवर्षी इथून निघून पाचशे किलोमीटरहून जास्त चालत पंढरपूर गाठते. चांगदेवांचं देऊळही इथेच, तापी-पूर्णेच्या संगमावर. म्हणून चालत्या भिंतीचं चित्र आमच्याकडे घरोघर असायचं: समोर वाघावर चांगदेव, भिंतीवर चौघं. लहानपणी मी वडिलांना, म्हणजे आबांना, विचारलं, ‘यात सोपान कोणता?’ ज्ञानदेव लगेच दाखवता येतात, मुक्ता तर सगळ्यांनाच ओळखू येते, निवृत्ती मोठे म्हणून. आबांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘उरला तो.’

उरला तो. नंतर मी सासवडला गेलो, तिथली समाधी पाहिली. ज्ञानेश्वरांनी कार्तिकात समाधी घेतली, सोपानदेवांनी पुढच्याच महिन्यात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला. साल तेच, १२९६. वय एकोणीस. आणि सासवडकर त्यांना सोपानकाका म्हणतात! एकोणिसाव्या वर्षी काका. मी तिथे बराच वेळ बसून राहिलो. गर्दी नव्हती.

चौधरींच्या सोपानदेवांचंही तसंच झालं, असं मला वाटतं. ते स्वतः कवी, ‘काव्यकेतकी’ त्यांचाच संग्रह. पण ३ डिसेंबर १९५१ ला आई गेली. आईच्या तोंडची गाणी त्यांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरींनी उतरवून ठेवली होती. ते कागद घेऊन सोपानदेव आचार्य अत्र्यांकडे गेले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाली. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. शाळेत मी बहिणाबाई शिकवल्या, पण मुलांना ‘त्यांचा मुलगा कोण?’ विचारलं तर वर्ग गप्प व्हायचा.

आता सोपान हे नाव दुर्मीळ का झालं? नाव जुनं वाटतं म्हणून, असं लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे. ज्ञानदेव जुनं नाही का? ते ज्ञानेश्वर, माउली असं रूप बदलून टिकलंच ना. सोपान गेला तो तिसरा होता म्हणून. आमच्या गावातल्या दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण आला, ‘दोन किंवा तीन पुरे’ आलं, मग तीनही नको झाले, ‘हम दो हमारे दो’ आलं. निवृत्ती झाला, ज्ञानदेव झाला, पाळणा थांबला. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर बापाला ग्रामपंचायतीची निवडणूकही लढवता येत नाही. म्हणजे आज आमच्या गावात सोपान जन्मला तर सरपंचाची खुर्ची जाईल! (आमच्या गावच्या राजकारणात याहून फालतू कारणांनी खुर्च्या गेल्या आहेत, ती गोष्ट वेगळी.)

गेल्या वर्षी मुलाकडे पुण्याला नातू झाला. रास कुंभ, नक्षत्र पूर्वाभाद्रपदा, अक्षर नेमकं ‘सो’. मी काही बोललो नाही. सुनेने मोबाइलवर यादी काढली: सोहम, सोमेश, सोमिल, सोनित. सोपान त्या यादीत होतं, खालून तिसरं. ती ते वाचून थांबली, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, ‘आबा, घरात एक आहेच की.’

सोहम ठेवलं. माझ्या मुलीने, म्हणजे त्याच्या फुईने, ते पाळण्याशी वाकून त्याच्या कानात सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलगा जन्मदाखल्याचा अर्ज भरत होता. बाळाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आजोबाला त्यात जागा नसते. मी चष्मा पुसून त्याच्या खांद्यावरून पाहिलं. अर्जाच्या खाली अर्जदाराचं संपूर्ण नाव लिहायची ओळ होती. तिथे त्याने स्वतःचं नाव लिहिलं, मग माझं, मग आडनाव. जागा कमी पडली म्हणून सोपानमधला ‘न’ चौकटीबाहेर गेला.