'कॉमेट'वरील विश्वास

१९५२ च्या मे महिन्यांत लंडनहून जोहान्सबर्गकडे 'कॉमेट' हें पहिलें जेट प्रवासी-विमान निघालें. १९५४ च्या जानेवारींत एल्बा बेटाजवळ एक कॉमेट समुद्रांत कोसळून ३५ जण दगावले. कारण सांपडलें नव्हतें. तरी तर्कानें सुचल्या त्या दुरुस्त्या करून मार्चमध्यें उड्डाणें पुन्हां सुरू झालीं, आणि उतारूहि विश्वासानें बसले. ही घाईच नडली! पंधरवडा उलटतो न उलटतो तोंच नेपल्सजवळ आणखी २१ जीव गेले. मग फार्नबरो येथें विमानाचें सबंध धड पाण्याच्या टांकींत ठेवून आंतील दाब पुनःपुन्हां चढविला व उतरविला. अखेर पत्रा खिडकीच्या कोपऱ्याशीं फाटला. धातू थकला होता. सुधारलेलें कॉमेट १९५८ च्या ऑक्टोबरांत अटलांटिक ओलांडूं लागलें. पण त्याच महिन्यांत अधिक उतारू नेणारें बोइंग ७०७ हि त्या मार्गावर आलें.